जमिनीत सोडलेलं पाणी

भिंतीतल्या चिरेत बोट घालून शांताकाकू म्हणाल्या, “परवापर्यंत एवढं आत जात नव्हतं.”

भूकंपाच्या धक्क्यांनी गावातल्या घरांचं किती नुकसान झालंय, ते पाहत मी दारोदार फिरत होते. जवळच्या तेलविहिरींचं खारट सांडपाणी वर्षानुवर्षं जमिनीत खोल दाबून सोडलं जात होतं; त्याच्याच दाबाने खालचे खडक सरकून हे धक्के बसत होते. उपग्रहाच्या रडारने टिपलेल्या चित्रात काकूंच्या घराखालची जमीन किंचित फुगलेली दिसत होती. नको असलेलं खाली लोटलं की संपलं, असं आपण किती सहज धरून चालतो!

“आता पाणी सोडणं बंद केलंय म्हणतात. मग थांबेल ना हे?” काकूंनी विचारलं.

आत त्यांची बाळंतीण सून बाळाला थोपटत होती. मला ‘हो’ म्हणवेना.

“काकू, गेलेलं पाणी आत अजून सरकत असतं. धक्के येऊ शकतात. या दोघांना इथे ठेवू नका.”

काकूंनी पायाखाली पाहिलं. मग त्या पाळण्याचे दोर सोडू लागल्या.

सून माहेरी गेली. पुढे एका धक्क्यात ती भिंत आतल्या बाजूला कोसळली. काकू तेव्हा अंगणात होत्या, म्हणून वाचल्या.

परवा सुनेच्या माहेराहून काकूंचा फोन आला. “भिंत नवी बांधली गं. नातू चालायला लागलाय. आता नेऊ का त्याला घरी?”

माझ्यासमोर उपग्रहाचं ताजं चित्र उघडं होतं. फुगवटा अजून ओसरला नव्हता. मी काकूंच्या घराची जागा मोठी करून पुन्हा पाहिली, आणि फोनवर पलीकडे नातवाचे वाळे वाजत राहिले.