मानेवरचा हात

तपासणीला नंबर यायची वाट बघत बसले होते. समोरच्या बाकावर एक लहान मुलगी आईच्या गळ्यात हात टाकून झोपून गेली, आणि मला हेवा वाटला.

माझा लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, हळू वाढणारा आहे. दर काही महिन्यांनी डॉक्टर मानेतल्या गाठी चाचपतात आणि "तशाच आहेत, पुन्हा बघू," म्हणतात. पण घरीही नवऱ्याचा हात मानेवर आला की बोटं आधी गाठ शोधतात. नुसता हात कितीतरी दिवसांत आला नाही.

आजही डॉक्टर तेच म्हणाले. परतताना रिक्षात ह्यांनी मानेवर हात ठेवला.

"आत्ताच तर तपासलं ना," मी म्हणाले.

"तपासत नाहीये गं."

बोटं खरंच स्वस्थ होती. आमची गल्ली आली, तशी मी रिक्षावाल्याला म्हटलं, "जरा पुढच्या चौकातून वळवून घ्या."