डोंगरकडा मोरात होतं

वारंगा फाट्यावर माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा काढून देणं, अर्ज भरणं, निकाल बघून देणं, असलं सगळं. दुकानातला कॉम्प्युटर जुना आहे. तो बदलायचा असं मी इतकी वर्षं म्हणतो आहे की घरात आता त्यावर कुणी काही बोलत नाही. सगळं जग जो ब्राउझर वापरतं तो या मशीनवर उघडला की पंखा घुमायला लागतो आणि गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघत बसतं. म्हणून मी हलके ब्राउझर शोधायला लागलो. असे बरेच आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं. कुठल्यातरी देशात चार-दोन माणसं आपल्या हौसेनं ते बनवतात, काही वर्षं सांभाळतात आणि मग थकून सोडून देतात. त्यांच्या पानावर शेवटी एक छोटासा निरोप असतो, की यापुढे जमणार नाही. ते वाचलं की मला त्या माणसांचा राग येत नसे, उलट आपलंच कुणीतरी बोलतं आहे असं वाटायचं.

माझ्याकडे तसे तीन होते. एकाचं चिन्ह होडीचं, एकाचं मोराचं, एकाचं कासवाचं. गिऱ्हाइकांचे पासवर्ड मी त्यांतच साठवून ठेवायचो. सगळे एकाच ठिकाणी ठेवले तर नावांची भली मोठी रांग लागायची आणि एकाच्या जागी दुसऱ्याचं खातं उघडायचं. मग मी गावं वाटून टाकली. हट्ट्याची माणसं होडीत, डोंगरकड्याची मोरात, बाकीचे कासवात. लोकांनाही ते पाठ झालं होतं. खुर्चीवर बसता बसता म्हणायचे, "सर, आमचं मोरात हाय, बघा." पासवर्ड मी कुणाला सांगत नसे आणि कुणी विचारतही नसे. आधी मी सगळ्यांना एकच सोपा पासवर्ड द्यायचो. पुढे ते धोक्याचं वाटायला लागलं म्हणून ब्राउझर स्वतःहून जो अवघड, अक्षर-आकड्यांचा गुंता सुचवतो तोच ठेवू लागलो. तो गुंता ना गिऱ्हाइकाला माहीत, ना मला. फक्त मोराला.

यंदा पावसाळ्याच्या सुरुवातीला मोराच्या पानावरही तो निरोप आला. सरकारी पोर्टलं त्यात उघडेनाशी झाली होती. मशीन अडखळत होतं. एका दुपारी ज्यांची ज्यांची आठवण झाली त्यांचे पासवर्ड मी कासवात नेले आणि मोर काढून टाकला. काढताना त्यानं विचारलं होतं, साठवलेलंही पुसायचं का. जागा मोकळी होईल म्हणून मी त्या चौकटीत खूण केली. समोर दोन माणसं खोळंबली होती. तेवढंच कारण.

डोंगरकड्याच्या एका मुलीची मला आठवण झाली नव्हती. तिचे वडील केळीचे घड गाडीत भरणाऱ्या टोळीत आहेत. तिनं नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज माझ्याकडेच भरला होता, परीक्षेचं प्रवेशपत्रही मीच काढून दिलं होतं. नंतर ती महिनोन्‌महिने फिरकली नाही. ती आली तेव्हा कॉलेजांचा पसंतीक्रम भरायला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतचीच मुदत उरली होती. गुण चांगले होते. क्रम भरला नाही तर ते असून नसल्यासारखे.

"काका, माझं मोरात हाय," ती म्हणाली.

मी माऊस हलवत राहिलो. पडद्यावर मोर नाही हे तिला तिच्या जागेवरून दिसत नव्हतं. मग मी ते वाक्य बोललो, जे आमच्या धंद्यातला प्रत्येक जण दिवसातून कितीदा तरी बोलतो. सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. तिनं मुदतीचं विचारलं. मी म्हणालो, उद्या सकाळी होऊन जाईल. ती उठून काळीपिवळीकडे गेली. चूक झाली हे एक वेळ ठीक. पण मी तो एक दिवस तिच्याकडून काढून घेतला, तोही नुसता मला लाज वाटली म्हणून.

ती गेल्यावर मी जमेल ते केलं. नवा पासवर्ड घ्यायचा तर ओटीपी तिच्या वडिलांच्या जुन्या नंबरवर जात होता. ईमेलही मीच काढून दिला होता, त्याचाही पासवर्ड मोरातच. जुन्या नंबरवर फोन लावला तर एका बाईनं उचलला. मी ओटीपी हा शब्द काढला मात्र, तिनं मला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. पुन्हा लावला तर उचललाच नाही. तिची काही चूक नव्हती. ओटीपी कुणाला सांगू नका अशी पाटी माझ्याच भिंतीवर आहे, आणि मी लोकांना ती वाचून दाखवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी वडिलांना घेऊन आली. मी दोघांना बसवलं आणि सांगितलं की मोर काढून टाकला, त्यात तुमचा पासवर्ड गेला, चूक माझी आहे. कालचं मात्र सांगितलं नाही. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं. तो नंबर त्यांच्या दुसऱ्या सिमचा होता. दोन-दोन रिचार्ज जमेनात म्हणून त्यांनी तो सोडून दिला होता आणि पुढे तो त्या बाईला मिळाला होता. ते म्हणाले, मशीनचं काम हाय, व्हतंय सर. मग त्यांनी स्वतःच्या फोनवरून तो नंबर लावला आणि आम्हालाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"कोन?"

"माय, मी डोंगरकड्याहून बोलून राहिलो. हा नंबर पहिलं माझा होता."

"तुमचा व्हता?" बाई म्हणाली. "मंग थ्या केळीवाल्यायले सांगा ना बाप्पा. रोज पहाटे मले इचारतेत, गाडी कुठी लागली म्हून."

वडील माझ्याकडे बघून हसले. "त्यातला एक जण खोकत खोकत बोलतो का?"

"खोकते, अन् मंग शिव्या देते."

"तोच. आमचा मुकादम हाय तो."

"मले तुमची बायको समजते थो. म्हनते, त्याले उठव अन् गाडीवर पाठव. मी म्हनलं, मी कोनाले उठवू, मी अकोल्यात हाव."

मुलगी तोंडावर ओढणी धरून हसत होती. मी हसलो नाही. वडिलांनी मग सगळं नीट सांगितलं, पोरीचा नर्सिंगचा नंबर, आज संध्याकाळची मुदत, तुमच्या फोनवर एक आकडा येईल तो. बाईनं फोन ठेवला नाही, सगळं ऐकून घेतलं. मुकादमाच्या खोकल्यानं जे झालं ते माझ्या समजावण्यानं झालं नव्हतं.

"पोरगी हाय का जवळ?"

"हाय."

"तिलेच सांगतो. अन् काल फोन करत व्हता थो दुकानवाला? तोई हाय का तिथी?"

"सर इथंच हायेत," वडील म्हणाले आणि ओशाळून माझ्याकडे बघू लागले.

"त्याले भायेर काढा. तो असला त मी सांगत नाही."

वडील काहीतरी बोलायला गेले, पण मी उठलो. कासव उघडून दिलं, पासवर्ड बदलायचं पान आणून ठेवलं आणि बाहेर आलो. शेजारच्या टायरवाल्यानं विचारलं, काहून बाहेर, लाइट गेली का. मी व्हय म्हणालो. आणखी एक खोटं.

काचेतून मला तिची पाठ दिसत होती. एका बोटानं ती टाइप करत होती, मध्येच थांबून फोनवर बोलत होती. वडील तिच्याकडेही बघत नव्हते, पडद्याकडेही नाही. हात मांडीवर ठेवून ते भिंतीकडे तोंड करून बसले होते, जसे ते माझ्या दुकानात नेहमी बसतात. हे काम मी तिच्यासाठी केलं असतं तर पंधरा मिनिटांत उरकलं असतं. पसंतीक्रमही मीच सुचवला असता, हिंगोली आधी, नांदेड नंतर, घराजवळ बरं पडतं म्हणून. तिला मी विचारलंही नसतं. ती बराच वेळ आत होती. नांदेडच्या बाजूनं गाड्या येत होत्या, काही फाट्यावर थांबत होत्या, काही तशाच पुढे जात होत्या. मला बसावंसं वाटत होतं, पण माझी खुर्ची आत होती.

झालं. पासवर्ड बदलला, खात्याला वडिलांचा आताचा फोन नंबर लागला, क्रम भरला गेला, पावती निघाली. वडील रस्त्यापलीकडे चहाचं सांगायला गेले. मुलगी पायऱ्या उतरून माझ्याजवळ उभी राहिली.

"काका, काल सर्व्हर चालू होतं ना?"

मी होय म्हणालो.

"मला वाटलंच. माझ्या मैत्रिणीनं कालच भरला, कळमनुरीहून." ती रस्त्याकडे बघत होती. "रात्रभर बाबा झोपले न्हाईत. आज त्यांचा खाडा झाला."

मी म्हणालो, मी आत्ताच त्यांना सांगतो.

"नका सांगू," ती म्हणाली. "ते गावात सगळ्यांला तुमच्याकडं धाडतेत. त्यांला लय वाईट वाटंल."

एवढ्यात ते चहा घेऊन आले. आम्ही तिघांनी उभ्याउभ्या घेतला.

तिला नांदेडचं कॉलेज मिळालं. तिनं पहिल्या क्रमावर तेच टाकलं होतं. ही बातमी द्यायला वडील दुकानात आले तेव्हा त्यांच्यासोबत त्यांचा मेहुणा होता, हातात कागदांची पिशवी. वडिलांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि माझ्याकडे बोट करून सांगितलं, पोरीचं ह्या सरांमुळं झालं, तुझं बी हेच करतेन. मी मेहुण्याला म्हणालो, पासवर्ड तुम्ही ठरवा आणि घरी लिहून ठेवा, माझ्याकडे ठेवू नका. तो गोंधळून वडिलांकडे बघायला लागला.

"त्याला काय कळतंय सर," वडील म्हणाले. "तुमच्यापाशीच राहू द्या. तुमच्यापाशी असलं की आमाला घोर न्हाई."

मी दोनदा समजावून बघितलं. तिसऱ्यांदा बोलायचं त्राण नव्हतं, आणि खरं कारण तर सांगता येत नव्हतं. मेहुण्याचं नाव टाकलं. ठेवू का, असं कासवानं विचारलं. मी हो म्हटलं.