दसऱ्याची टर्बो

बंगळुरात ज्यांना गाड्या पळवायचा नाद होता, त्या सगळ्यांना नागोजी जगताप ठाऊक होता. आणि त्या सगळ्यांतल्या एकानंही त्याला कधी शर्यतीत गाडी पळवायला दिली नव्हती. म्हटलं तर गोष्ट एवढीच. पण एवढ्यावर सोडून द्यावा इतका नागोजी काही फालतू माणूस नव्हे, म्हणून नीट सांगायला हवी.

गवीपुरमच्या उतारावर घराला लागूनच त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. घराणं मराठ्यांचं, शहाजीराजांच्या मागून इकडे आलेलं, असं त्याचे वडील आप्पाजी येईल-जाईल त्याला ऐकवायचे. पुरावा काय, तर भिंतीवर टांगलेली, मूठ नसलेली एक तलवार. घरातली मराठी म्हणाल तर अर्धी कन्नडच झालेली. भात 'स्वल्प' वाढायचा आणि भांडण मिटलं की 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणून उठायचं. तलवारवाल्या पूर्वजानंतर घराण्यानं मधल्या काळात काय दिवे लावले ते कुणाला माहीत नाही, पण आप्पाजींनी उभा जन्म सरकारी बस चालवली आणि नागोजीनं हातात पाना धरला.

गॅरेजात सदाशिवनगरची, इंदिरानगरची बड्या घरची पोरं यायची. त्यांतला सगळ्यात जुना उमाकांत. कोडगूकडे कॉफीचे मळे, बोलायला गोड, मनानं वाईट अजिबात नाही. फक्त जन्मात कधी कशासाठी थांबावं लागलं नव्हतं त्याला. नागोजीनं त्याच्या गाड्या तयार करायच्या आणि त्यानं कप घेऊन यायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. कप मिळाला की नागोजीच्या पाठीवर एक थाप पडायची, मग हा आपला हत्यारांच्या पेट्या आवरायला लागायचा. सुरुवातीच्या रेषेपर्यंत गाडी ढकलत न्यायची आणि झेंडा पडायच्या आत बाजूला व्हायचं, हे त्याचं काम. ते बाजूला होणं त्याला फार खुपायचं. चाळिशी जवळ आली तशी एकच गोष्ट त्याच्या डोक्यात घट्ट बसली. एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या गाडीत बसून त्या रेषेवर उभं राहायचं. जिंकणं-हरणं गेलं खड्ड्यात. झेंडा पडेल तेव्हा आपण गाडीच्या आत असलो पाहिजे.

गाडी मिळाली ती मल्लेश्वरमच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंची. पांढरी मारुती ८००, देवळात आणि भाजीबाजारात जाण्यापलीकडे बिचारीनं जग पाहिलेलं नाही. इंजिन मात्र वेगळंच यायचं होतं. उमाकांतनं हौसेनं मद्रास बंदरातून एक जपानी इंजिन आणवलं होतं. मारुतीच्याच कुळातलं, तीनच सिलिंडरचं, पण डोक्यावर टर्बो असलेलं. मग त्याची हौस फिटली आणि इंजिन त्याच्या बंगल्यामागे ताडपत्रीखाली पडून राहिलं. नागोजीनं एकदा धीर करून विचारलं, तर तो म्हणाला, घेऊन जा, माझी तेवढीच जागा मोकळी होईल.

टर्बो म्हणजे काही जादू नाही. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी वाया जातो, त्याच्या जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्या चक्रानं इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. एवढीशी गाडी मग बापाचंही ऐकत नाही. पण ते चक्र जगतं तेलावर. बोटाएवढ्या नळीतून त्याला सतत तेल मिळत राहिलं पाहिजे. तेल तुटलं की चक्र गेलं, आणि मागोमाग इंजिनही गेलं.

वर्षभर नागोजी त्या गाडीच्या मागे खुळ्यासारखा लागला होता. गिऱ्हाइकांची कामं उरकून उरलेला सगळा वेळ तिथेच. बॉनेटला भोक पाडलं, ब्रेक बदलले, रेडिएटर मोठा बसवला, वजन कमी करायचं म्हणून मागची सीट उपटून काढली. त्या दिवशी त्याची बायको भाग्यलक्ष्मी दारात येऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली की आता मला माहेरी टपावर बसवून नेणार असाल. पण पुढच्या दोन्ही दारांवर नागोजीचं नाव रंगवायची वेळ आली, एका बाजूला कन्नडात आणि दुसऱ्या बाजूला मराठीत, तेव्हा तिनंच बाहेर येऊन अक्षरं सरळ आहेत की नाहीत ते पाहिलं.

आप्पाजींनी मात्र वर्षभर त्या गाडीकडे मान वळवून बघितलं नाही. शर्यत म्हणजे पोट भरलेल्यांचे चाळे, असं त्यांचं मत. मी इतकी वर्षं माणसं घेऊन घाट उतरलो, एकाला ओरखडा येऊ दिला नाही, आणि माझा मुलगा रिकामी गाडी घेऊन नाकासमोर पळणार, असं ते शेजारच्या नरसिंहरावांना नागोजीला ऐकू जाईल अशा बेतानं सांगत. नागोजी उलट बोलत नसे. त्याला ते लागायचं, फार लागायचं, कारण गाडी चालवणं या विषयात त्याला जगात एकाच माणसाची शाबासकी हवी होती.

शर्यत ठरली ती नेमकी दसऱ्याच्या दुपारी. आनेकलच्या बाजूला एका जुन्या कारखानदाराची विमानासाठी बांधलेली खाजगी धावपट्टी होती, तिथे क्लबवाले दरसाल गाड्या पळवत. ती जमीन आता विकली गेली होती, संगणकवाल्यांच्या इमारती उठायच्या होत्या तिथे. म्हणजे ही शेवटचीच शर्यत. मोठ्या ट्रॅकवर उतरायचं तर लायसन लागतं, मागे कुणी कंपनी लागते. नागोजीच्या मागे आप्पाजींशिवाय कोण होतं? ही हुकली की सगळंच हुकलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता इथे या घराची एक रीत सांगायला हवी. नवमीला सकाळी घरातली सगळी हत्यारं देवीपुढे बसतात. सगळ्यात वर ती बिनमुठीची तलवार, तिच्याखाली गॅरेजातला एकूण एक पाना, हातोडी, पक्कड, धुऊन पुसून, हळद-कुंकू लावून. दसऱ्याला संध्याकाळी वेशीबाहेर जाऊन, बन्नीची, म्हणजे शमीची, पानं लुटून आलं की घरातला वडीलधारा माणूस ती उचलून ज्याची त्याच्या हातात देतो. तोवर कुणी बोट लावायचं नाही. आयुधपूजा अख्खं बंगळूर करतं, पण इतकं कडक पाळणारी आता दोनचारच घरं उरली असतील.

टर्बोच्या तेलाच्या नळीचे तांब्याचे वॉशर मद्रासहून यायला उशीर झाला. ते बसवून होईतो अष्टमी संपली. नव्या वॉशरची गंमत अशी की इंजिन एकदा चांगलं तापून निवलं की तो दबतो आणि बोल्ट पुन्हा एकदा आवळावा लागतो. नवमीला दुपारी नागोजीनं गाडी तापवून आणली, बॉनेट उघडलं, तर बोल्टपाशी तेलाचा एक थेंब. चौदा नंबरचा पाना, पाव फेरा, बस्स. आणि चौदा नंबरचा पाना देवीपुढे कुंकू लावून बसलेला.

त्यानं आप्पाजींना विचारलं. आप्पाजी पेपरातून मान वर न करता म्हणाले की वर्षातून एक दिवस हत्याराला विश्रांती देता येत नसेल तर कशाला धरलं हातात. जे. सी. रोडची गाड्यांच्या सामानाची दुकानं बंद होती. आसपासच्या गॅरेजांत पाने होते, पण तेही देवापुढेच. संध्याकाळी आप्पाजी देवळात गेले तेव्हा नागोजी देवीसमोर जाऊन उभा राहिला. भाग्यलक्ष्मी स्वयंपाकघरातून पाहत होती आणि ती एका शब्दानंही अडवणार नव्हती. पाना हाताच्या अंतरावर होता. पण नागोजीचा हात उठला नाही. पुढे आप्पांना दोष देणं सोपं होतं, पण त्या वेळी तिथे आप्पा नव्हते. लहानपणापासून ज्या हत्यारांना हात जोडले त्यांच्यावर झडप घालायचं त्याच्याच्यानं झालं नाही. थेंबच तर आहे, उद्या धावपट्टीवर कुणाकडेही पाना मिळेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि तो बाहेर आला.

दसऱ्याला सकाळी गाडीची पूजा. भाग्यलक्ष्मीनं हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. नागोजी उदबत्ती ओवाळणार, एवढ्यात मागून आप्पाजी आले. धुतलेलं धोतर, हातात गंधाची वाटी. ते थेट ड्रायव्हरच्या सीटवर बसले, वर्षात पहिल्यांदा. स्टिअरिंगवरून हात फिरवला, गियर हलवून पाहिला. मग बसमध्ये दर दसऱ्याला लावत तसंच त्यांनी डॅशबोर्डवरच्या प्रत्येक काट्याला आणि प्रत्येक दिव्याला चांगलं जाड गंध लावलं, वर कुंकू टेकवलं. उतरताना म्हणाले, "स्टिअरिंग हलकं ठेवलंयस. बरं केलंस."

नागोजीच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. तेलाचा दिवा गंधाखाली झाकला गेला हे त्याला दिसलं होतं. न दिसायला तो काय आंधळा होता? पण वर्षभर ज्या बोटांची वाट पाहिली त्या बोटांनी लावलेलं गंध, ते सकाळच्या सकाळी पुसायचं? तेही गाडी वेशीबाहेर जाऊन यायच्या आत? त्याला ते जमलं नाही. लिंबं चिरडली आणि गाडी उतारावरून गेली.

होसूर रोडला लागेपर्यंत तो खुशीत होता. रस्ता सुट्टीचा, मोकळा. पाय जरा दाबला की टर्बोची बारीक शीळ यायची. पुढे पुढे ती शीळ चढत गेली, तिला धार आली, आणि नागोजीला वाटलं की गाडीचा गळा आता मोकळा होतोय. दुसऱ्याचं इंजिन रस्त्यावरून जाताना ऐकून त्याचं दुखणं सांगणारा हा माणूस, स्वतःच्या इंजिनाचं रडणं त्याला गाणं वाटलं! हौसेनं माणूस बहिरा होतो तो असा.

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांपाशी इंजिनात ठोके पडायला लागले. सगळा डॅशबोर्ड थरथरला, वाळलेल्या गंधाची एक खपली गळून पडली, आणि तिच्याखाली लाल दिवा जळत होता. कधीपासून, देव जाणे. नागोजीनं पाय काढला तोवर मागे निळा धूर होता. एक शेवटचा आचका बसला आणि सगळं जाम झालं. गाडी कडेला घसरत थांबली. बॉनेटखाली तो बोल्ट सुटून लोंबत होता आणि गाडीचं पोट तेलानं माखलं होतं.

थोड्या वेळानं उमाकांतची गाडी घेऊन जाणारा ट्रक आला. उमाकांत उतरला, वाकून पाहिलं, खरंच हळहळला. मग घड्याळाकडे बघत म्हणाला, "आता इथे बसून काय करणार? चल, माझी तरी बघ."

आणि नागोजी गेला. का गेला हे त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. धावपट्टीवर उमाकांतच्या पेटीत चौदा नंबरचे दोन पाने होते. त्यानं एक उचलला, उमाकांतची गाडी तपासली, ती रेषेपर्यंत ढकलत नेली आणि झेंडा पडायच्या आत बाजूला झाला. उमाकांतला कप मिळाला. नागोजीच्या पाठीवर थाप पडली.

टेम्पोच्या मागे दोरीनं बांधून मारुती घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. आप्पाजी बन्नी लुटून येऊन, हत्यारं उचलून बसले होते. चौदा नंबरचा पाना त्यांनी मुद्दाम वेगळा काढून ठेवला होता. दोरी बघायच्या आधीच तो त्यांनी नागोजीच्या हातात दिला आणि म्हणाले की घे, आता आवळ तुझा बोल्ट. मग त्यांची नजर दोरीवर गेली. नागोजीनं दोन वाक्यांत झालेलं सांगितलं. म्हातारा किती झालं तरी ड्रायव्हर. त्यानं पहिलाच प्रश्न नेमका विचारला.

"तेलाचा दिवा लागला असेल की. पाहिला नाहीस?"

नागोजीनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. नखाच्या कडेला सकाळचं गंध अजून होतं. ओरडून सांगावं, खेचत नेऊन ती उरलेली खपली दाखवावी, असं त्याला वाटलं. भाग्यलक्ष्मी पुढे झाली, तिनं गाडीत डोकावून केव्हाच सगळं ओळखलं होतं. नागोजीनं तिला डोळ्यांनीच थांबवलं.

"नाही आप्पा," तो म्हणाला. "माझं लक्ष नव्हतं."

आप्पाजी भडकले. मग वाईट वाटलं त्यांना, मग पुन्हा भडकले. डोळे उघडे ठेवायची अक्कल नाही आणि निघाले शर्यतीला, असं ते त्या रात्री जेवतानाही म्हणत होते.

इंजिन भंगारात गेलं. धावपट्टीवर इमारत उठली. नागोजीनं मारुतीला जुनंच इंजिन बसवलं, मागची सीट परत टाकली, दारांवरची नावं रंगानं झाकली आणि ती विकून टाकली. पुन्हा त्यानं शर्यतीची गाडी केली नाही, ना स्वतःची ना दुसऱ्याची. उमाकांत दोनदा येऊन परत गेला.

आप्पाजींना मात्र सांगायला एक गोष्ट मिळाली. गल्लीतली रिक्षा, टॅक्सी, स्कूटर, जे काही चाकांवर चालतं ते दसऱ्याला त्यांच्या हातच्या गंधासाठी अजून येतं. दरसाल ते प्रत्येक काट्याला, प्रत्येक दिव्याला गंध लावतात आणि गाडीवाल्याला बजावतात की दिव्यांवर लक्ष ठेव बाबा, आमच्या नागूनं ठेवलं नाही आणि सोन्यासारखं इंजिन जाळून बसला. लोक नागोजीकडे बघून हसतात. तो शेजारी गंधाची वाटी धरून उभा असतो.