गळाभर सोनं आणि पडलेला दात

आमची ही गेली, त्याला वर्ष होत आलं. शारजात वीस वर्षं तिनं पोळ्या लाटल्या, मी घरोघर पोचवल्या. त्यावरच मुलानं तिथल्याच अल मजाज भागात हॉटेल टाकलं. "आईचं मोठं पेंटिंग गल्ल्यामागं लावू," म्हणाला. मला फार बरं वाटलं. तिचा धड फोटो एकच. त्यात ती तोंड भरून हसतेय आणि पुढचा एक दात नाही.

दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या पेंटरकडं गेलो. त्याच्याकडं श्रीमंत माणसं तयारच असतात. मखमली खुर्ची, बोटांत अंगठ्या, गळाभर सोनं, सगळं रंगवून ठेवलेलं. डोकं तेवढं आपल्या माणसाचं, फोटो बघून काढायचं. मुलानं सगळ्यांत जास्त दागिन्यांची बाई निवडली. पदर उजव्या खांद्यावरून पुढं.

"अरे, ही तर गुजराती शेठाणी!" मी म्हणालो.

"चाचा, पल्लू घुमा दूँगा. टेन्शन मत लो."

आठ दिवसांनी बघायला गेलो. पदर डावीकडं आला होता, पण तोंड बंद. ओठ शिवल्यासारखे.

"हिचं हसू कुठाय?"

पेंटर म्हणाला, "चाचा, बडे लोग दाँत नहीं दिखाते. हँसते तो नौकर हैं."

मुलगाही त्याच्याच बाजूनं. "बाबा, क्लायंट येतात. जरा रॉयल दिसू दे की."

"रॉयल गेलं खड्ड्यात! चाळीस वर्षं मी ह्या बाईबरोबर नाही काढली. परकी बाई टांगायची तर टांग, मी हॉटेलात पाय ठेवणार नाही."

आणि तिथंच स्टुलावर बसलो. पेंटर हसला, "यल्ला चाचा, चलो" म्हणाला, एका हातात फोटो धरून दुसऱ्या हातानं रंग लावू लागला. ओठ उघडले. दात आले. मग त्यानं दातांत एक काळा ठिपका दिला, आणि ती आली. मी रडलो की हसलो, मुलाला विचारा. तोही तसलंच काहीतरी करत होता.

"सोना भी निकालूँ?" पेंटरनं विचारलं.

"राहू दे. मी कधी तिच्या अंगावर घातलं नाही, तू तरी घातलंस."

नात बघून ओरडली, "आजोबा, आजी लुक्स सो रिच!"

आता बिल द्यायला आलेला माणूस वर बघतो आणि आधी हसतो. परवा एक बाई म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या घरच्या, आणि किती मोकळ्या हसतायत!"

मी म्हटलं, "मोठ्या घरची आत्ता झाली, बाई. हसायची आधीपासून."