दोघींचा बाक आणि दोंडाईच्याची मिरची

मी यावलच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि राहते जळगावात. माझी मैत्रीण तिथेच भूगोल शिकवते. ती नशिराबादला राहते, त्यामुळे सकाळच्या बसमध्ये ती माझ्यानंतर चढते. म्हणजे जळगाव ते नशिराबाद तिची जागा धरायचं काम माझ्याकडे. सोळा वर्षं मी ते इमानेइतबारे केलं. डावीकडचा दोघींचा बाक, खिडकीत मी, शेजारी माझी पर्स, पर्सवर रुमाल आणि रुमालावर माझा हात.

बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून बसला इतकी गर्दी व्हायला लागली, की नुसत्या रुमालावर जागा राहीना. मग मी शेजारी उभ्या असलेल्या बाईला हळूच सांगायचे, की नशिराबादला माझी मैत्रीण चढणार आहे, तिचं पोट बिघडलंय, उभं राहणं तिला जमणार नाही. मैत्रीण चढली की आजूबाजूच्या बायका सरकून तिला वाट करून द्यायच्या, तिच्याकडे कळवळून बघायच्या. एकीने तर तिला ओवा दिला होता. या बसमधली माणसं फार मायाळू आहेत, असं ती कौतुकाने सांगायची. मी मान हलवायचे.

आमच्या या संसारात तिसरी आली ती इतिहासाच्या नव्या बाईंच्या रूपाने. त्या दोंडाईच्याच्या. नवरा आणि सासर तिकडे, नेमणूक यावलला, म्हणून जळगावात खोली घेऊन राहिल्या. आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला मोकळ्या. वर्गात शुद्ध मराठी बोलायच्या, पण डबा उघडला की त्यांची अहिराणी सुरू व्हायची. मला त्या आवडल्या होत्या. दोन महिने आम्ही एकमेकींशी अगदी छान वागलो, कारण त्या बसमध्ये मागे कुठेतरी बसायच्या.

मग मला ताप आला. चार दिवस घरी होते. पाचव्या दिवशी सकाळी बसमध्ये चढले, तर आमच्या बाकावर, माझ्या खिडकीत, नव्या बाई. शेजारी त्यांची पर्स. पर्सवर रुमाल.

मी तिथे उभी राहिले, तशा त्या हसून म्हणाल्या, "ताई, बऱ्या झाल्या का? मागे जागा शे बघा. ही मी मॅडमसाठी धरलीय."

मी मागे बसले. नशिराबाद आलं. माझी मैत्रीण चढली, सरळ त्या बाकाकडे गेली, बसली, पदर सावरला आणि मग तिला मी दिसले. "अगं, तू आज येणार होतीस? फोन तरी करायचास," ती म्हणाली आणि पुन्हा पुढे वळली. भुसावळ गेलं, तापीचा पूल गेला, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या. मी सगळा रस्ता त्या दोघींच्या वेण्या बघत होते. त्या कशावर तरी एवढ्या हसत होत्या, की कंडक्टरने दोनदा मागे वळून पाहिलं. सोळा वर्षांत आम्ही दोघी बसमध्ये एवढ्या हसलो होतो का, हे मी आठवत बसले. हसलो असणार. पण त्या दिवशी एकही प्रसंग आठवेना.

दुपारी डबे उघडले. नव्या बाईंनी लाल मिरचीचा ठेचा आणला होता. दोंडाईचा म्हणजे मिरचीचा बाजार, त्यांच्या घरी वर्षाची मिरची पोत्याने भरतात. आणि माझी मैत्रीण पोह्यातली मिरचीसुद्धा ताटाच्या कडेला रांगेत लावून ठेवणारी. तिने भाकरीच्या टोकावर ठेचा घेतला, तोंडात घातला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी ती म्हणाली, "छान झालाय."

ते पाणी पाहिलं आणि मला सुचलं.

त्याच दिवशी मी नव्या बाईंना वाचनालयात गाठलं. सांगितलं, की मॅडमना तिखट फार आवडतं, पण त्या भिडस्त आहेत, मागून घेणार नाहीत. डोळ्यांत पाणी आलं म्हणजे समजायचं, जमलं. कोरडे राहिले तर कमी पडलं. बाईंनी अगदी मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला बाजूला घेऊन म्हटलं, की या बाईंचं डब्यातलं काही उरवू नकोस हं. त्यांच्या सासूबाईंनी म्हणे लग्नानंतर वर्षभर त्यांच्या हातचा घास घेतला नव्हता. तेव्हापासून कुणी ताटात टाकलं, की त्या मनाला लावून घेतात, रात्रभर झोपत नाहीत.

याला मी खोटं बोलणं म्हणणार नाही. कल्पनाविस्तार म्हणेन. आमच्या विषयात त्याला गुण असतात.

पुढचे दिवस मी फार मजेत जेवले. नव्या बाई रोज नवं काहीतरी तांबडंलाल आणायच्या, डबा मैत्रिणीपुढे सरकवायच्या आणि तिच्या डोळ्यांकडे टक लावून बघायच्या. मैत्रीण घास गिळायची, नाक ओढायची, डोळे पुसायची आणि म्हणायची, वा. पाणी आलेलं पाहून बाई खूश व्हायच्या आणि आणखी वाढायच्या. मी आपली वरण-भात कालवत दोघींकडे आळीपाळीने बघायचे. मैत्री तुटायला भांडण कशाला हवं, मिरची पुरते, असं मला वाटत होतं. आठवडाभरात मैत्रीण स्वतःहून माझ्या बाकावर परत येणार याची खात्री होती.

नेमकी त्याच आठवड्यात वर्गात एक जुनी कथा शिकवायची वेळ आली. दोन शेजारणी असतात, वर्षानुवर्षं पहाटे एका जात्यावर दळणाऱ्या. शेजारच्या घरात तिसरी येते, तिचा गळा गोड असतो, आणि दुसरी तिच्या ओव्यांवर भाळते. पहिली जात्याचा खुंटा ढिला करून ठेवते, म्हणजे तिसरी दळायला बसली की तो हातात यावा आणि तिचं हसं व्हावं. दरवर्षी मी मुलांना सांगते, की कथानक म्हणजे काय घडलं आणि आशय म्हणजे ते घडल्यामुळे माणसाच्या आत काय झालं. त्या वर्षीही सांगितलं. पहिल्या शेजारणीबद्दल बोलताना तर मी इतकी कठोर झाले, की मागच्या बाकावरच्या मुलांनीही माना वर केल्या. मत्सर माणसाला किती खाली नेतो, वगैरे. फळ्यावर ते ठळक लिहून खाली रेघ मारली.

घटक चाचणीत त्याच कथेवर प्रश्न घातला. पेपर बसमध्ये तपासत होते. आता मी मागच्या बाकावरची कायमची झाले होते. एका मुलीने लिहिलं होतं: "पहिली बाई खुंटा ढिला करते कारण तिला वाटते की मैत्रीण एकच भाकरी आहे. दुसऱ्याला दिली तर आपल्याला उरणार नाही." मी हे शिकवलंच नव्हतं. मी त्या वाक्यावर लाल पेन ठेवून बराच वेळ बसले. पाचपैकी पाच दिले. मग पुढच्या बाकाकडे पाहिलं. त्या दोघी एका मोबाइलमध्ये काहीतरी बघत होत्या, आणि मला त्या भाकरीचा पुन्हा राग आला.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. दहा दिवस झाले तरी मैत्रीण खंगत नव्हती. उलट जेवताना डोळ्यांतून पाणी गाळूनही तिचा चेहरा टवटवीत दिसायचा. एकदा तिने दुसऱ्यांदा मागून घेतलं. मला वाटलं, सवय झाली असेल. माणसाला कशाचीही सवय होते.

मग शुक्रवार आला. नव्या बाईंनी पिशवीतून एक निराळी डबी काढली आणि ती मैत्रिणीपुढे न ठेवता माझ्यापुढे ठेवली.

"ताई," त्या म्हणाल्या, "इतके दिवस तुमच्याकडे माझं लक्षच नव्हतं. हाई खास तुमनासाठे. बठ्ठं खाई ल्या."

बठ्ठं म्हणजे सगळं. मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "टाकू नकोस हं काही. मनाला लावून घेतात त्या."

हे वाक्य माझंच होतं. मी खाल्लं. पहिल्या घासाला काही झालं नाही. दुसऱ्या घासाला कान गरम झाले. तिसऱ्याला मला माझी जीभ कुठे संपते आणि डबी कुठे सुरू होते ते कळेना. पाण्याला हात लावला तर बाईंनी तांब्या हळूच आपल्याकडे ओढला, पाण्याने चव जाते म्हणाल्या. दोघी हनुवटीला हात लावून माझ्या डोळ्यांकडे बघत होत्या. माझे डोळे वाहायला लागले, तशा नव्या बाई समाधानाने म्हणाल्या, "आवडलं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मैत्रिणीने आपला रोजचा तांबडा डबा माझ्यापुढे सरकवला. मी बोट लावून चाखलं. टोमॅटो, शेंगदाण्याचा कूट, चिमूटभर गूळ. लहान मुलाने खावं असं.

झालं होतं ते असं. तिसऱ्याच दिवशी मैत्रिणीचं तोंड आलं. तिने कळवळून नव्या बाईंना विचारलं, की सासूबाईंचं अजून तसंच आहे का हो? बाई चकित झाल्या. सासूबाई त्यांच्या हातचं बोटं चाटून खातात म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, की तुम्हाला एवढं तिखट कधीपासून आवडतं? दोघींनी आपापली गोष्ट एकमेकींसमोर ठेवली आणि दोन्ही गोष्टींची लेखिका एकच निघाली. त्यानंतर मैत्रीण रोज टोमॅटो खात होती आणि मला दाखवायला रडत होती. मी किती दिवस मजेत जेवते ते दोघींना बघायचं होतं.

परतीच्या बसमध्ये मैत्रीण येऊन माझ्याजवळ बसली. मी खिडकीबाहेर बघत होते. लाज वाटत होती, आणि ओठ अजून चुरचुरत होते.

ती म्हणाली, "मला आधी राग आला. मग वाटलं, माझ्यासाठी आजपर्यंत कुणी एवढी मेहनत घेतली नव्हती. आमच्या घरात तर मी माहेरी गेले तरी दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही."

"मग मला काही बोलली का नाहीस?"

"तू तुझ्या त्या गोष्टीतल्या बाईला वाईट म्हणतेस ना? ती वाईट नाही गं. तिला वाटून घेता येत नाही, एवढंच."

मी तिला सांगितलं, की त्या सकाळी तू सरळ पुढे जाऊन बसलीस, माझ्याशी एक वाक्य बोललीस आणि पुन्हा पुढे वळलीस. तिला ते आठवत नव्हतं. तिने आठवायचा प्रयत्न केला, तो प्रामाणिक होता, आणि मग म्हणाली, की माझी चूक झाली. मला एवढंच हवं होतं. ते मी तोंडाने मागितलं असतं तर दहा दिवसांपूर्वीच मिळालं असतं.

सोमवारी नव्या बाई उजवीकडच्या तिघींच्या बाकावर बसल्या होत्या. एकीकडे पर्स, दुसरीकडे छत्री. "ताई, इथं बसूत," म्हणाल्या. तेव्हापासून आम्ही तिघी उजवीकडे. खिडकीवरून मात्र कुरबुर चालायचीच. शेवटी आठवड्याच्या पाळ्या लावल्या. माझ्या पाळीच्या आठवड्यात हटकून सुट्ट्या यायच्या. ठेच्याची मलाही हळूहळू सवय झाली. तापीच्या पुलावरून बस जाताना आम्ही प्राचार्यांच्या चालण्याची नक्कल करायचो, बसल्या बसल्या, नुसत्या खांद्यांनी. त्यात नव्या बाईंचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

दीड वर्षाने त्यांची बदली झाली, सासरच्या जवळ. त्यांना ती हवीच होती. निरोपाच्या दिवशी सगळ्यात जास्त मी रडले, आणि मैत्रीण सगळ्यांना सांगत होती, की हिला मिरची लागलीय.

आम्ही पुन्हा डावीकडच्या बाकावर आलो. जागा धरायला सोपी, दोघींचीच. पण पहिल्या आठवड्यात भुसावळपर्यंत बोलायला काही सुचेना. एक बोलायची ती "त्या असत्या तर" असं म्हणून, आणि दुसरी पुढचं वाक्य पुरं करायची.

मे महिन्यात आम्ही दोघी रेल्वेने दोंडाईच्याला गेलो. बाई स्टेशनवर घ्यायला आल्या होत्या. एकट्या नव्हत्या. बरोबर त्यांच्या नव्या कॉलेजातल्या एक शिक्षिका होत्या, गोल चेहऱ्याच्या, बाई काहीही बोलल्या की आधी हसणाऱ्या. त्यांना आमच्याबद्दल सगळं माहीत होतं. घरी त्या स्वयंपाकघरात न विचारता गेल्या, कुठल्या डब्यात काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. ताटं त्यांनीच वाढली. माझ्या मैत्रिणीला म्हणाल्या, "तुम्हाला तिखट चालत नाही ना, मला सांगितलंय यांनी." मग बाईंच्या कानात काहीतरी बोलल्या आणि दोघी खूप हसल्या. मी आणि मैत्रिणीने एकाच वेळी एकमेकींकडे पाहिलं.

आमचा पाहुणचार उत्तम झाला. संध्याकाळी बाईंनी आम्हाला गाडीत बसवून दिलं, पापड आणि मसाल्याचं पुडकं हातात ठेवलं, पुन्हा या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले. गोल चेहऱ्याच्या बाई शेजारी उभ्या राहून हात हलवत होत्या.

गाडी सुटली. शिंदखेडा आलं. मग मैत्रीण म्हणाली, "बासुंदी पातळ होती."

"ती त्या दुसरीनेच केली होती," मी म्हटलं.

"आणि हसणं किती मोठ्याने."

"आणि साडीवर तो ब्लाउज?"

अमळनेर येईपर्यंत आम्ही त्या बिचारीचं काही शिल्लक ठेवलं नाही. इतकं मनमोकळं आम्ही कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो. समोरच्या बाकावरच्या आजी आम्हाला म्हणाल्या, की बहिणी दिसता तुम्ही. आम्ही हो म्हणालो आणि त्यांनाही थोडी बासुंदीची हकीकत सांगितली.