खाली बसलेला ळ

आधी एक विनंती, आणि ती रागाने केलेली आहे असंच समजा. "अकरा जणांना पाठवा, नाहीतर..." वाला मेल परवा आपल्या या मेल-ग्रुपमधल्या सहा जणांनी माझ्या गळ्यात मारला. सहाही मेलमध्ये आधीच्या शे-दीडशे लोकांचे पत्ते उघडे. आपण कुणाचा पत्ता कुणाच्या हातात देतोय, याचा विचार नाही. वर एकीने स्वतःच्या मनाने ओळ जोडलेली — "माझ्या मामांनी डिलीट केला आणि..." बाई, तुला मामा तरी आहेत का?

अशा गोष्टींवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. नजर, उतारा, करणी या सगळ्याची मी आयुष्यभर टिंगल करत आले. तरीही एक गोष्ट माझ्याच बाबतीत घडली आणि ती मला आजतागायत उलगडलेली नाही. सांगते, म्हणजे फॉरवर्डचं बटण दाबायच्या आधी तुमचा हात जरा थांबेल.

८७ साल. धुळ्यात गल्ली नंबर पाचच्या टोकाला नानांचा टायपिंग क्लास होता. तिथे मी मराठी टायपिंग शिकवायची. एकूण नऊ मशीन. त्यातल्या सात नंबरच्या मशीनचा ळ खाली बसायचा — बाकीची ओळ वर आणि हा आपला पायरी उतरल्यासारखा. मेकॅनिक दोनदा येऊन गेला, पण ळ काही वर आला नाही. धुळे आणि जळगाव, दोन्हीत ळ! त्यामुळे त्या मशीनवरचा पत्ता कुणीही ओळखावा. विद्यार्थी ते मशीन टाळायचे, म्हणून ते माझंच झालं होतं.

त्या वर्षी देवीच्या नावाच्या चिठ्ठ्यांचं पेव फुटलं होतं. अमक्याने अकरा प्रती पाठवल्या, त्याला नोकरी लागली. तमक्याने फाडली, तो अंथरुणाला खिळला. चांगली शिकलेली माणसं क्लासमध्ये यायची आणि आवाज खाली आणून म्हणायची, "मॅडम, एवढ्या अकरा कॉप्या..." कार्बन टाकून एका वेळी पाच निघायच्या, पाचवी आंधळी, जेमतेम वाचता येणारी. नानांनी एक नियम घालून दिला होता, "आली तशी टाइप करायची. आपल्या पदरचं काही घालायचं नाही." मी मनातल्या मनात शिव्या घालत टाइप करायची, पण तो नियम पाळायची.

आता अक्काबद्दल. अक्का माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची आणि ती सोळाची. मला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं तिने केलं. मग ती लग्न होऊन जळगावला मेहरूणमध्ये गेली. मी तिला दर आठवड्याला पत्र पाठवायची, सात नंबरवर टाइप करून. खाली बसलेला ळ तिच्या ओळखीचा होता. ती त्याला आमच्या अहिराणीत "तुन्हा लंगडा", म्हणजे तुझा लंगडा, म्हणायची.

त्या गुरुवारी मला बघायला नरडाण्याहून पाहुणे आले. अक्का सकाळच्या एसटीने आली, पण माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पोहे झाले, चहा झाला. मुलगा मला आवडला होता, हे लपवण्यात काही अर्थ नाही. आणि अक्का सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाली, "पोरगी हुशार आहे, पण तिचा राग वाईट आहे. कुणाचं वाईट चिंतायला ती मागेपुढे पाहत नाही. आधीच सांगितलेलं बरं."

वडिलांचा चेहरा उतरला. पाहुण्यांनी बशा खाली ठेवल्या. शुक्रवारी त्यांचा नकार आला.

माझं डोकं फिरलं. हिनेच वाढवलं आणि हिनेच माती केली! शनिवारी दुपारी क्लास रिकामा होता. एका गिऱ्हाइकाची चिठ्ठी टेबलावर होती. मी सात नंबरवर कागद चढवले आणि चिठ्ठी आली तशी टाइप केली. शेवटी मात्र माझ्या पदरची ओळ घातली — "जळगावच्या मेहरूण भागातील एका बाईने या चिठ्ठीची टवाळी केली. अकराव्या दिवशी तिची वाचा गेली." रागात "वाचा"चं "वाच्या" पडलं, त्यावर फुल्या मारून पुढे नीट लिहिलं.

कागद बाहेर काढला, वाचला आणि माझीच मला लाज वाटली. नानांच्या चहाच्या स्टोव्हवर मी पाचही प्रती जाळल्या. कार्बनसुद्धा जाळले, कारण कार्बनवर अक्षरं उमटलेली असतात. जे झालं ते एवढंच. पोस्टात मी काहीही टाकलं नाही.

पुढच्या शनिवारी समोरच्या दुकानात दाजींचा फोन आला. सकाळी उठल्यापासून अक्काच्या तोंडून ब्र निघत नव्हता. मी मिळेल त्या एसटीने जळगाव गाठलं. डॉक्टरांनी घसा तपासला होता, त्यांना काही सापडलं नव्हतं. अक्का पलंगावर बसली होती, मांडीवर मुलाची पाटी. मला पाहून तिने उशीखालून एक पाकीट काढलं आणि माझ्याकडे फेकलं.

आत माझी चिठ्ठी होती. तीच ओळ. "वाच्या"वर मारलेल्या त्याच फुल्या. जळगावचा ळ खाली बसलेला.

मी पाकीट उलटून पाहिलं. शिक्का धुळ्याचाच होता, स्पष्ट उमटलेला. तारीख पाहुणे येण्याच्या आधीच्या सोमवारची होती. पाहुणे गुरुवारी आले होते आणि मी टाइप केलं शनिवारी. मी पुन्हा पुन्हा बोटांवर दिवस मोजले.

अक्काने पाटीवर लिहिलं, "बुधवारी मिळाली. म्हणून गुरुवारी तसं बोलले."

नीट वाचा. ती पाहुण्यांसमोर तसं बोलली, कारण तिला चिठ्ठी मिळाली होती. आणि मी चिठ्ठी लिहिली, कारण ती तसं बोलली होती.

तिने पाटी पुसली आणि प्रश्न लिहिला, "तूच लिहिलीस?"

अक्षर न अक्षर माझं होतं. "लिहिली, पण पाठवली नाही, आणि लिहिली तीही तुला मिळाल्यावर" — हे वाक्य तोंडातून निघेना. मी मान खाली घातली. अक्काने पाटी पालथी ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

दीड महिन्याने तिचा आवाज परत आला. ती सगळ्यांशी बोलू लागली. माझ्याशी नाही. पुढे माझं लग्न झालं, त्यालाही ती आली नाही. मी पाठवलेली पत्रं न फोडताच परत यायची. ती मी नंतर हाताने लिहीत होते, तरीही.

मग ९९ साल. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला होता. त्याने कुठून तरी आलेला असाच एक मेल जमेल तेवढ्यांना फॉरवर्ड केला, त्यात मीही होते. मराठी मजकूर, इंग्रजी अक्षरांत. शेवटून दुसरी ओळ मी कॅफेत बसून तीनदा वाचली. जळगाव, मेहरूण, बाई, अकरावा दिवस, वाचा. माझी ओळ. जी मी जाळली होती.

सुट्टीत घरी गेल्यावर त्याने तो मेल कौतुकाने आईला वाचून दाखवला. त्याच संध्याकाळी माझ्याकडे फोन वाजला. बारा वर्षांनी तिचा आवाज ऐकला. थोडा घोगरा झाला होता.

"हाई बी तूच लिखी का?"

"नाही अक्का. ही मी नाही पाठवली. तीसुद्धा मी पाठवली नव्हती."



"मंग तवय सांगी देती ना," ती म्हणाली. "मी मानी लेती." तेव्हाच सांगितलं असतं, तर तिने मानलं असतं.

आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर पुन्हा केला नाही, आणि मी केला तर दाजी उचलायचे.

तो शिक्का सोमवारचा कसा होता, हे मला माहीत नाही. पोस्टातल्या ओळखीच्या माणसाने तो खरा आहे असं सांगितलं, आणि पुढे काही विचारू नका म्हणाला. ती ओळ मेलमध्ये कशी आली, तेही माहीत नाही. अक्का मागच्या वर्षी गेली. पाकीट आता माझ्याकडे आहे, दाजींनी दिलं. त्याच्यासोबतच्या गठ्ठ्यात माझी ८७ च्या आधीची जुनी पत्रं होती, तारीखवार लावलेली, सगळी सात नंबरवरची.

मला फॉरवर्ड पाठवू नका.