आईले जे सांगितलं नाई, ते अ‍ॅपनं सांगून टाकलं

गड्याहो, पैसे पाठवायच्या अ‍ॅपातलं जाहिरातीचं बटण आजच बंद करा. हात जोडतो.

आईले कॅन्सर आहे, हे आम्ही तिच्यापासून लपवून ठेवलं होतं. साधी गाठ आहे असं सांगून तिले सेवाग्रामले दवाखान्यात नेतो. औषधाचे पैसे माह्या फोनवरून जातात.

आज भाजीवालीले पैसे द्याले तिनं माहाच फोन घेतला. पैसे गेले अन् खाली जाहिरात आली, "किमो सुरू आहे? विग मागवा."

मी फोन घेऊन घाईघाईनं सेटिंग शोधली. आपली माहिती दुसऱ्याले द्यायची परवानगी आपोआप चालूच होती! बंद केली. आता काय उपयोग?

आईनं ती जाहिरात वाचली होती. आत्ता म्हणे, "विग काळाच घेजो रे, पांढरा नको."